मार्कंडेयाचा जलग्रह

सगळीकडे पाणीच पाणी असलेल्या ग्रहावर शिफ्ट व्हायचंय? मग आधी वैनगंगेचा गाळ बघून या!

‘इंटरस्टेलर’मधला तो पाण्याचा ग्रह आठवतोय? गुडघाभर पाणी आणि मागून येणारी डोंगराएवढी लाट! २०१४ मध्ये आपण सगळेच खुर्चीला चिकटलो होतो. पण बॉस, ही आयडिया हॉलिवूडच्या कितीतरी आधी आपल्याकडे होती. अशा जगात फिरून आलेल्या ऋषींच्या नावाचं गावही आपल्या विदर्भात आहे. मार्कंडा!

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातलं हे गाव ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणून ओळखलं जातं. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे चक्क उत्तरेकडे वळते. मी गेलो होतो शिल्पं बघायला, पण अडकलो ते गावाच्या नावात.

मार्कंडेयासाठी शंकरानं यमाला परत पाठवलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. दुसरी मात्र फारशी कुणी सांगत नाही. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय युधिष्ठिराला प्रलयाचं वर्णन ऐकवतात आणि ते अगदी वेदर रिपोर्टसारखं आहे. आधी सात सूर्य सगळं पाणी पिऊन टाकतात. मग आग. मग हत्तींच्या कळपांसारखे रंगीबेरंगी ढग आणि सलग १२ वर्षं पाऊस! उरतो फक्त समुद्र आणि त्यात एकटेच भटकणारे ऋषी. टेकायला कुठे जागा नाही.

खरंच असे ग्रह असतात?

असू शकतात. २००३-०४ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ‘महासागरी ग्रहां’ची कल्पना गंभीरपणे मांडली. सध्याचा सेलिब्रिटी म्हणजे के२-१८ बी. अंतर सुमारे १२४ प्रकाशवर्षं, वर्ष फक्त ३३ दिवसांचं. (अप्रेजल दर महिन्याला!) २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला तिथल्या हवेत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडला. २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमनं जीवसृष्टीशी नातं असलेल्या वायूची चाहूल लागल्याचं म्हटलं, पण इतर अनेक शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही. तिथे समुद्र आहे की नुसताच वायूचा जाड थर, यावरही वाद आहे.

तिथलं हवामान

समजा, असा ग्रह मिळाला. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, म्हणजे चंद्रपूरचा मे महिना तिथे नाही. मस्त! पण आपल्याकडे चक्रीवादळ किनाऱ्याला धडकलं की त्याचा दम संपतो. तिथे किनाराच नाही. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात वारा जमिनीचा अडथळा न येता पृथ्वीला फेरी मारतो, म्हणून तिथल्या लाटांना खलाशी टरकून असतात. तसा समुद्र ग्रहभर पसरलेला कल्पून बघा. शिवाय ग्रह आपल्या ताऱ्याला खूप जवळ असेल, तर त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहू शकते. म्हणजे इकडे कायम दिवस, तिकडे कायम रात्र.

पाणी आहे, पण डबा?

खरी गोची तळाशी आहे. आपले समुद्र सरासरी पावणेचार किलोमीटर खोल. तिथला समुद्र शंभर-दोनशे किलोमीटर खोल असला, तर दाबामुळे तळाचं पाणी थंड नसतानाही त्याचं बर्फ होतं. खडक त्या बर्फाखाली गाडले जातात. मग जीवांना लागणारं फॉस्फरस, लोह वगैरे येणार कुठून? काही शास्त्रज्ञ त्यावरही वाटा सुचवतात, पण प्रश्न अवघड आहे. पृथ्वीवर पाऊस खडक झिजवतो आणि नद्या तो माल समुद्राला पोचवतात. खडक झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइडही खेचला जातो, म्हणून लाखो वर्षांच्या हिशेबात आपला ‘थर्मोस्टॅट’ चालू राहतो. जमीनच नसेल तर हे दोन्ही उद्योग लंगडे पडतात.

मार्कंड्याच्या घाटावर पावसाळ्यात दिसणारं गढूळ पाणी म्हणजे हाच माल. वैनगंगेला पुढे वर्धा मिळते, दोघींची प्राणहिता होते, ती गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. आपली वैनगंगा समुद्राची डबेवाली आहे, असं म्हणा ना!

आणि हा डबा आता अर्धवट पोचतोय. धरणांमागे गाळ अडतो. गोदावरीच्या मुखाशी जाणारा गाळ गेल्या काही दशकांत बराच घटलाय आणि तिथला त्रिभुज प्रदेश खचतोय, किनारा झिजतोय. सिंचन हवंच, वीजही हवी. पण १२४ प्रकाशवर्षं दूरच्या पाण्यावर हेडलाइन करणाऱ्या आपण या चिखलाला एखादी तरी ओळ द्यायला काय हरकत आहे?

मार्कंडेयांचं पुढे काय झालं? त्या अथांग पाण्यात त्यांना अखेर एक वडाचं झाड दिसलं. फांदीवर एक बाळ होतं आणि त्या बाळाच्या पोटात डोंगर, नद्या, माणसं, अख्खं जग शाबूत होतं. पाण्याला विटलेल्या ऋषींना बघायला मिळाली ती जमीनच.

कसं जाल? विमानानं नागपूर किंवा रेल्वेनं चंद्रपूर, बल्लारशा. पुढे रस्त्यानं चामोर्शीमार्गे मार्कंडा. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. शांतपणे शिल्पं बघायची असतील, तर ते दिवस टाळा.