फेरफारांचें दप्तर आणि आमचा वेब-सर्व्हर

गेल्या वर्षींच्या वार्षिक अंकांत इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीचा आपल्या आजीवरील निबंध छापून आला. परंतु तिनें शेवटीं लिहिला होता तो हा निबंध नव्हे. तिनें तो तीन वेळां सुधारला होता आणि उत्तरार्ध तर सर्वस्वीं नव्यानें लिहिला होता. त्या वेळीं मराठी विभागाची फाइल चार पेन-ड्राइव्हांवरून फिरत असे. एकीचें नांव 'अंतिम', दुसरीचें 'अंतिम नवी', तिसरीचें 'खरोखर अंतिम'. छापखान्याकडे मजकूर पाठविण्याच्या रात्रीं आमच्यापैकींच एकानें शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि जुनी फाइल नव्या फाइलवर ठेवून दिली. त्या चार चुकांच्या पायीं मुलीचे सहा आठवड्यांचे श्रम पुसले गेले. ती कांहीं बोलली नाहीं. अंक हातीं आल्यावर तिनें तो उघडला, तें पान वाचलें आणि मिटून ठेविला, एवढें आम्हांस आठवतें.

पुनः असें घडूं नये म्हणून या वर्षीं आम्हीं अंकाचा सर्व मजकूर व संगणक-मंडळांतील मुलांचे प्रोग्राम गिट नांवाच्या व्यवस्थेखालीं आणिले, आणि शाळेच्याच एका जुन्या संगणकावर वेब-सर्व्हर उभा करून त्यांत तीं दप्तरें ठेविलीं. हें कळल्यावर पालकांनीं पुष्कळ प्रश्न विचारिले. कित्येकांस वाटलें कीं मुलांचें लिखाण आतां साऱ्या जगास उघडें झालें. तसें झालेलें नाहीं. परंतु तसें होऊं शकलें असतें, आणि तें कोठें व कसें, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे असें आम्ही समजतों.

प्रथम 'दप्तर' या शब्दाविषयीं. मुलें या शब्दानें पाठीवरची पिशवी समजतात. आम्ही तो पेशवे दप्तर म्हणतात त्या अर्थानें योजीत आहों. इंग्रजींत ज्यास रिपॉझिटरी म्हणतात तें हेंच. त्याचें स्वरूप समजण्यास तलाठ्याची कचेरी पुरेशी आहे. सातबाराचा उतारा जमिनीची आजची स्थिति काय आहे तेवढेंच दाखवितो. ती स्थिति कोणाच्या खरेदीनें वा वारशानें व कोणत्या तारखेस आली, हें गांव नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफार नोंदवहींत, क्रमांकवार लिहिलेलें असतें. गिटमध्यें डोळ्यांपुढील फाइल हा सातबारा, आणि तिच्या मागें असलेली नोंदींची माळ हे फेरफार. बदल कोणीं केला, केव्हां केला, कशासाठीं केला व त्याच्या अगोदरची नोंद कोणती, हें प्रत्येक नोंदींत असतें. नोंद कितीही जुनी असो, त्या दिवशींची फाइल जशीच्या तशी पुनः मांडतां येते.

भेद आहे तो क्रमांकाचा. तलाठी क्रमांक ओळीनें घालीत जातो; गिट तो नोंदीच्या मजकुरावरूनच गणितानें काढतें. शा-वन नांवाच्या रीतीनें निघणारा हा क्रमांक ४० चिन्हांचा असतो, आणि मजकुरांतील एक स्वल्पविराम हलविला तरी तो पार बदलून जातो. पुढच्या नोंदींत मागच्या नोंदीचा क्रमांक गुंफलेला असल्यामुळें मधलेंच एखादें पान गुपचूप बदलूं म्हटल्यास त्यापुढील सारे क्रमांक बदलतात व लबाडी उघडी पडते. इ. स. २०११ च्या ऑगस्टमध्यें लिनक्सच्या मुख्य सर्व्हरांत चोर शिरल्याचें उघडकीस आलें. तेव्हां लोकांस मोठा धीर होता तो याचाच. कारण जगभर पसरलेल्या प्रतींतील क्रमांक ताडून पाहणें शक्य होतें.

पाठभेदांचा हा त्रास कांहीं नवा नव्हे. ज्ञानेश्वरींत नकला करणारांच्या हातून शिरलेले अपपाठ वगळून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ओवी कोणती व मागाहून घातलेली कोणती हें सांगणारें फेरफारांचें पुस्तक त्यांच्यापुढें नव्हतें. संगणकावर अशी नोंदवही १९७२ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें मार्क रॉचकाइंड यांनीं तयार केली. गिट हें पुष्कळ अलीकडचें, लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनीं एप्रिल २००५ मध्यें लिहावयास घेतलेलें.

आतां सर्व्हर कशाला? खरें पाहतां गिटला सर्व्हर लागतच नाहीं. प्रत्येकाजवळची प्रत पूर्ण असते. तींत फाइलीही असतात व संपूर्ण नोंदवहीही असते. परंतु बारा हात एका अंकावर काम करूं लागले म्हणजे सर्वांनीं मान्य केलेली एक जागा असावी लागते, जेथें सकाळीं जाऊन 'काल काय झालें?' असें विचारतां येईल. अशा जागेस पोहोंचण्याच्या वाटा अनेक आहेत. एसएसएचची वाट उत्तम. पण तिच्यासाठीं प्रत्येक मुलास किल्ली करून देऊन ती सांभाळावयास शिकवावें लागतें. गिटची स्वतःची जी वाट आहे तिच्यावर कोणी नांवही विचारीत नाहीं. वेबची वाट मात्र प्रत्येक घरीं अगोदरच चालू असते, आणि नांव व परवलीचा शब्द देण्याची रीत मुलांस ठाऊक असते. म्हणून आम्हीं ती पत्करिली.

यंत्र जुनें, त्यावर डेबियन व अपाची. एक वेगळें फोल्डर करून त्यांत आम्हीं 'बेअर' प्रकारचीं दप्तरें निर्माण केलीं. बेअर दप्तरांत केवळ नोंदवही असते, कामाच्या फाइली मांडलेल्या नसतात. सर्व्हरवर बसून कोणी लिहावयाचें नाहीं, मग तेथें मेज हवें कशाला?

अपाचीला गिटची भाषा येत नाहीं. तो दारावरचा शिपाई आहे असें समजावें. आंत बसणारा कारकून निराळा. त्याचें नांव गिट-एचटीटीपी-बॅकएंड, आणि तो गिटबरोबरच येतो. शिपायानें आलेली चिठ्ठी कारकुनाकडे कशी पोहोंचवावी यासंबंधीं सीजीआय नांवाचा जुना संकेत आहे, तो अपाचींत चालू करावा लागतो. त्यानंतर सेटिंगच्या फाइलींत दोन गोष्टी लिहावयाच्या: दप्तरें कोणत्या फोल्डरांत आहेत, आणि ज्या पत्त्याचा आरंभ 'गिट' या शब्दानें होतो त्या सर्व चिठ्ठ्या या कारकुनाकडे द्याव्या. एवढ्यावर काम चालूं लागतें. विद्यार्थ्याच्या संगणकावरील गिट प्रथम विचारतें, 'तुमच्याकडे शेवटच्या नोंदी कोणत्या?' कारकून क्रमांक सांगतो. मग विद्यार्थ्याकडे कोणत्या आहेत हें पाहून ज्या नाहींत तेवढ्याच बांधून पाठवितो. २००९ च्या अखेरीस निघालेल्या १.६.६ या आवृत्तीपूर्वीं वेबच्या वाटेनें हा संवाद होत नसे. एकेक कागद मागून न्यावा लागे व तें फार मंद चाले.

आमचें काम मात्र एवढ्यावर चालूं लागलें नाहीं. दोन दिवस सर्व्हर नुसता नकार देत राहिला. आम्हीं सेटिंगची फाइल दहा वेळां वाचली. शेवटीं अकरावींतील एका मुलानें जें प्रथम करावयास हवें होतें तें केलें, म्हणजे अपाचीची चुकांची नोंद उघडून पाहिली. तेथें कारण स्पष्ट लिहिलेलें होतें. दप्तरें आम्हीं आमच्या नांवानें निर्माण केलीं होतीं आणि अपाची स्वतःच्या वेगळ्या नांवानें चालतो. २०२२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या दप्तरास हात लावण्यास कचरतें. मालकी अपाचीच्या नांवावर करून देतांच अडचण मिटली. तत्पूर्वीं आमच्यांतील एका गृहस्थांनीं सर्वांस सर्व अधिकार देऊन टाकण्याचा उपाय सुचविला होता. त्या उपायानें पुष्कळ कुलुपें उघडतात हें खरें, पण मग दार कशाला ठेवावें, हें आम्हांस समजत नाहीं.

आतां पालकांच्या शंकेकडे वळतों. कारकुनाचा मूळ नियम असा कीं ज्याची ओळख शिपायानें पटविली नाहीं त्याच्याकडून नवी नोंद स्वीकारावयाची नाहीं. वाचण्यावर मात्र असें बंधन नसतें. दप्तर एकदां खुलें म्हणून दर्शविलें कीं तें वाटेल त्यास वाचतां येतें. आणि एक ओळ अशी आहे कीं ती लिहिल्यास फोल्डरांतील सारींच दप्तरें एकदम खुलीं होतात. पुष्कळ मार्गदर्शक ती ओळ डोळे मिटून लिहावयास सांगतात. आम्हीं ती लिहिली नाहीं. ज्या दप्तरांत 'बाहेर देण्यास हरकत नाहीं' अशा अर्थाची लहानशी रिकामी फाइल ठेविली असेल तेंच दिलें जातें, आणि तेंही नांव व परवलीचा शब्द सांगितल्यावरच. मुलांच्या निबंधांत घरचीं नांवें असतात, गल्लीचा पत्ता असतो, कधीं वडिलांचा फोन नंबरही असतो.

परवलीचा शब्द अपाचीकडे ज्या साध्या रीतीनें जातो ती म्हणजे पोस्टकार्ड होय. अक्षरें थोडीं उलटसुलट दिसतात इतकेंच, वाटेंतील कोणीही तीं वाचूं शकेल. म्हणून आम्हीं प्रथम लखोट्याची सोय केली व मग परवली दिली. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळणारें प्रमाणपत्र बसविलें. आमचें प्रमाणपत्र ९० दिवसांपुरतें असतें व त्याचें नूतनीकरण यंत्रच करितें. परवली प्रत्येकाची वेगळी आहे. सबंध वर्गाची एकच ठेवावी म्हणजे सोपें पडेल, असें सुचविणारांस आम्हीं नम्रपणें नकार दिला.

येथें एक गोष्ट पालकांनीं व मुलांनीं नीट ध्यानांत घ्यावी. नोंदींतील कर्त्याचें नांव लिहिणारा स्वतःच भरतो. गिट तें तपासून पाहत नाहीं. आठवींतील एका चिरंजीवांनीं मुख्याध्यापकांच्या नांवें नोंद केली व तींत सोमवारीं सुटी जाहीर केली! शिपायाच्या वहींत मात्र त्या वेळीं आंत कोण आलें होतें हें परवलीवरून लिहिलेलें असतें, त्यामुळें शोध लागण्यास पांच मिनिटें पुरलीं. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. फाइलींत चुकून लिहिलेला परवलीचा शब्द दुसऱ्या दिवशीं पुसला, तरी कालच्या नोंदींत तो राहतोच, आणि ज्यांनीं ज्यांनीं प्रत नेली त्यांच्याकडेही राहतो. अशा वेळीं तो शब्द तत्काळ बदलावा. खोडून भागत नाहीं.

ज्या चुकीपासून आम्हीं आरंभ केला तिचें काय? समजा, विद्यार्थिनीनें आपला सुधारलेला निबंध सर्व्हरवर ठेविला, आणि नंतर कोणी चार चुका दुरुस्त केलेली जुनी प्रत घेऊन आला. कारकून त्याच्या नोंदीखालीं मागची नोंद कोणती लिहिली आहे हें पाहतो. ती आपल्याकडील शेवटची नोंद नाहीं असें दिसतांच तो म्हणतो, 'मध्यंतरीं येथें काम झालें आहे. तें अगोदर घेऊन जा, आपलें त्यांत मिळवा आणि मग या.' मिळवितांना दोघांनीं एकच ओळ बदलली असेल तर गिट दोन्ही पाठ समोर ठेवितें व माणसास निवडावयास लावितें. जबरीनें जुनें वर लादण्याचीही एक आज्ञा गिटमध्यें आहे. परंतु दप्तर निर्माण करतांना 'शेअर्ड' असें म्हटल्यास ती जबरी सर्व्हर आपोआप नाकारतो. आम्हीं तसें म्हटलें आहे.

राहतां राहिला यंत्र बिघडण्याचा प्रश्न. प्रत्येकाजवळ पूर्ण प्रत असतांना वेगळी काळजी कशाला, असें वाटणें स्वाभाविक आहे. केडीई या मोठ्या मंडळासही तसेंच वाटत असे. २०१३ च्या मार्चमध्यें त्यांच्या मुख्य सर्व्हरची फाइल-व्यवस्था बिघडली. जगांतील त्यांचे इतर सर्व्हर मुख्याची हुबेहूब नक्कल ठेवीत, त्यामुळें तो बिघाडही त्यांनीं इमानेंइतबारें नकलून घेतला. सुमारें १५०० दप्तरें जाण्याच्या बेतांत होतीं. नव्यानें उभारल्या जात असलेल्या एका यंत्रावर बिघाडापूर्वींची प्रत निव्वळ योगायोगानें शिल्लक होती, म्हणून तीं वांचलीं. हें वाचल्यापासून आम्ही दर शुक्रवारीं गिटकडून सर्व नोंदींचे क्रमांक पुनः पडताळून घेतों, ते जुळले तरच बाहेरच्या डिस्कवर प्रत काढतों, आणि आळीपाळीनें वापरल्या जाणाऱ्या दोन डिस्कांपैकीं एक शाळेबाहेर ठेवितों.

त्या विद्यार्थिनीचा निबंध तिच्याच संमतीनें या अंकांत पुनः छापला आहे. तिच्या वहींतून उत्तरार्ध तिनें पुनः उतरून काढला; दप्तरांत त्याच्या आजवर सात नोंदी झाल्या असून शेवटची तिच्याच हातची आहे. ज्या पालकांस आपल्या पाल्याच्या नोंदी पाहावयाच्या असतील त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर संगणक-दालनांत यावें. मुलें स्वतः उघडून दाखवितील.