एकसंध दंतरोपणाचे शास्त्र

टायटॅनियम या धातूशी जिवंत हाड इतके एकजीव होते की त्यांना विलग करू जाता हाडच भंग पावते, ही गोष्ट स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या ध्यानी आली ती सशाच्या हाडातील रक्ताभिसरण न्याहाळीत असताना. आणि १९६५ साली गोथेनबर्ग येथे त्यांनी त्याच गुणाच्या भरवशावर एका रुग्णाच्या जबड्यात कृत्रिम दंतमुळे, म्हणजेच इम्प्लांट, बसविली.

रूढ इम्प्लांटचे दोन भाग असतात : हाडात रुजणारा स्क्रू आणि त्यावर मागाहून जोडावयाचा, कॅपला आधार देणारा खुंट. एकसंध इम्प्लांटमध्ये हे दोन्ही मुळातच एक असल्यामुळे, जंतूंना आश्रय देणारी सांध्यातील सूक्ष्म फट आणि सांधणारा स्क्रू सैल होण्याची तक्रार, ही दोन्ही टळतात. शिवाय सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे असे इम्प्लांट खालच्या पुढच्या दातांच्या अरुंद जागेतही सामावते.

परंतु या सोयीची किंमत अशी की खुंटाचा कोन मागाहून बदलता येत नाही. स्क्रू ज्या दिशेने हाडात शिरला ती दिशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून त्रिमितीय क्ष-किरण चित्रावरून हाडाची रुंदी मोजून, भावी दाताची जागा आधी मुक्रर करून, मगच छिद्र पाडावयास हवे. आणि तेही थंड सलाइनच्या धारेखाली, कारण ४७ अंश सेल्सिअस उष्णता मिनिटभर टिकली तरी हाडाच्या पेशींना इजा पोहोचते.

खुंट पहिल्या दिवसापासून हिरडीबाहेर उघडा राहत असल्याने, इम्प्लांट हाडात रुजेपर्यंतच्या काही महिन्यांच्या मुदतीत त्यावर चावण्याचा भार न येईल अशी तजवीज करावी लागते. तात्पुरती कॅप बसविलीच, तर ती समोरच्या दाताला टेकू द्यावयाची नाही. पुढे कायमची कॅप चिकटविताना हिरडीखाली गेलेला सिमेंटचा कण न कण काढून टाकणे अत्यावश्यक आहे, कारण तो तेथे राहिला तर हिरडी सुजते आणि कालांतराने इम्प्लांटभोवतीचे हाडही झिजू लागते.

म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती, की इम्प्लांट घेण्यापूर्वी हाडाची तपासणी कशी होणार आणि कायमची कॅप केव्हा बसणार, हे दंतवैद्यांना निःसंकोच विचारावे, तंबाखू व धूम्रपान वर्ज्य करावे, मधुमेह असल्यास तो काबूत ठेवावा, आणि दात बसल्यावरही नियमित तपासणी चुकवू नये.