'क्लीनअप' म्हणजे नेमकं काय साफ करायचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी प्रश्न विचारला होता : 'क्लीनिंग' आणि 'क्लीनअप' यांत फरक काय? मराठीत दोन्हींना 'सफाई'च म्हणायचं ना? आम्ही दोन मिनिटांत उत्तर द्यायला गेलो आणि अडकलो. म्हणून आजचं व्याख्यान त्या एका शब्दावर.

आपल्याकडे हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटत आला आहे. एक, ब्युटी पार्लरच्या दरपत्रकावर, थ्रेडिंगच्या खाली आणि फेशियलच्या वर. दुसरं ठिकाण मुंबईच्या रस्त्यावर होतं, महापालिकेचे 'क्लीन-अप मार्शल'. हे मार्शल स्वतः झाडू मारत नसत, थुंकणाऱ्याकडून आणि कचरा टाकणाऱ्याकडून दंड वसूल करत. या दोन ठिकाणांवरून शब्दाचा अर्थ लावायला गेलो तर आपण फसणार. तेव्हा इंग्रजीच्या घरातच जाऊ.

रोज सकाळी आपण ओटा पुसतो, ते झालं 'क्लीनिंग'. दूध उतू गेलं आणि मग ओटा पुसला, तर ते 'क्लीनअप'. फडकं तेच, हात तोच. पण दुसऱ्या पुसण्याच्या आधी काहीतरी घडलेलं आहे. पार्टी झाली, पूर आला, तेल सांडलं, अपघात झाला, त्यानंतरची आवराआवर म्हणजे 'क्लीनअप'. अमेरिकी दुकानांतली 'क्लीनअप ऑन आइल फाइव्ह' ही घोषणा आपण सिनेमांत ऐकलेली असते. पाचव्या रांगेत कोणाच्या तरी हातून बरणी फुटली, एवढाच तिचा अर्थ. आता एखाद्याने सभेत भलतंच विधान केलं की तिथेही लोक हेच वाक्य थट्टेने म्हणतात.

आता ते शेपूट, 'अप'. इथे त्याचा 'वर'शी काही संबंध नाही. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' ही क्रियापदं घ्या. मराठीत आपण काय म्हणतो? खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. आपलं 'टाकणं' जे काम करतं, तेच तिथे 'अप' करतं : काम पुरतं झालं, मागे काही उरलं नाही. थोडक्यात, 'क्लीनअप' म्हणताना इंग्रजी बोलणारा दोन गोष्टी गृहीत धरतो. आधी घाण झाली होती आणि आता ती राहणार नाही. या दोन गृहीतकांवर लक्ष ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच चालतं.

व्याकरण झटपट उरकू. क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम असेल तर एक. ब्रिटिश लोक नामात मधे आडवी रेघ देतात. आणि सर्वनाम आलं की ते मधेच बसतं : 'क्लीन इट अप' बरोबर, 'क्लीन अप इट' चूक. ही चूक आपल्याकडे फार होते.

शब्दशः अर्थाचं एक मोठं उदाहरण घेऊ. 24 मार्च 1989 रोजी अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे जहाज खडकावर चढलं आणि सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन, म्हणजे चार कोटी लिटरहून जास्त, कच्चं तेल समुद्रात गेलं. त्यानंतर जे झालं त्याला सगळे 'द क्लीनअप' म्हणतात. हजारो माणसं कामाला लागली. गरम पाण्याचे मोठ्या दाबाचे फवारे मारून खडक धुतले. खडक चकचकीत दिसू लागले, पण तेलातून वाचलेले शिंपले आणि समुद्री शेवाळ त्या कढत पाण्याने मेलं. काही ठिकाणी न धुतलेला किनारा धुतलेल्या किनाऱ्यापेक्षा लवकर सावरल्याचं पुढच्या पाहण्यांत दिसलं. सांडलेल्या तेलाचा थोडाच भाग परत गोळा झाला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी वाळू-गोट्यांच्या खाली खणलं की तेल सापडत होतं. तरी शब्द 'क्लीनअप'च. त्यातल्या 'अप'ने दिलेलं आश्वासन समुद्राने काही पाळलं नाही.

आता लक्ष्यार्थाकडे, म्हणजे शब्द घाण सोडून इतरत्र फिरायला लागतो तिकडे. 'ही क्लीन्ड अप अ‍ॅट द रेसेस'. हा माणूस घोड्यांच्या शर्यतीत झाडू घेऊन गेला नव्हता, त्याने तिथे भरपूर पैसे मिळवले. आपण म्हणू, 'त्याने चांगलाच हात मारला'. आणि 'ही वॉज क्लीन्ड आउट'? तो धुऊन निघाला, खिसा रिकामा. क्रियापद एकच, शेपूट बदललं की एक श्रीमंत आणि दुसरा कफल्लक. अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणकामात तर 'क्लीन-अप' हा धंद्यातलाच शब्द होता. लाकडी पन्हळीतून पाण्याबरोबर वाळू-माती सोडायची. तळाशी आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असत, त्यांच्यामागे जड सोनं अडकून बसे. ठरावीक दिवसांनी पाणी थांबवून तिथलं सोनं गोळा करायचं, तो 'क्लीन-अप'. गंमत बघा, इथे साफ करून जे काढलं तोच माल. पैसे मिळवण्याचा अर्थ इथूनच आला असं आम्ही म्हणणार नाही, पण हे दोन अर्थ शेजारी शोभतात खरे.

बेसबॉलमध्ये चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाला 'क्लीनअप हिटर' म्हणतात. आधीचे तिघे बेसवर पोचून थांबलेले असावेत, याने जोरदार फटका मारावा आणि सगळ्यांना घरी आणावं, मैदान रिकामं. समजा, पुण्यातल्या एखाद्या मुलीला अमेरिकेतल्या साहेबाने मीटिंगमध्ये सांगितलं, 'यू आर बॅटिंग क्लीनअप'. तिला वाटेल, इतरांनी केलेला पसारा आपल्याला आवरायचाय. साहेबाला म्हणायचं असतं की तू भरवशाची, महत्त्वाचा घाव तू घालायचास. कौतुक होतं, आणि पोरगी संध्याकाळभर नाराज!

आपल्या 'साफ'च्या करामतीही कमी नाहीत. 'हात साफ करणं' म्हणजे चोरी, 'हातसफाई' म्हणजे जादूगाराचं कसब, 'सफाईदार' म्हणजे कुशल, आणि 'सफाया' झाला की कोणीच उरत नाही. इंग्रजीत 'आय क्लीन फरगॉट' म्हणतात आणि आपण 'मी साफ विसरलो' म्हणतो. एकमेकांकडून न घेता दोन भाषांनी हे केलं. अर्थ 'पूर्णपणे', धूळ-मळ कुठेच नाही. क्रिकेटमधलं 'क्लीन बोल्ड' याच जातीचं.

शेवटी जिथे आम्ही अडकलो ते सांगतो. कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या कारभारात 'एन्कॅम्पमेंट क्लीनअप' असा शब्दप्रयोग सर्रास असतो. बेघर माणसं पदपथावर तंबू ठोकून राहतात, पालिकेची माणसं येऊन ते तंबू हलवतात, सामान उचलतात, जागा धुतात. तिथे कचरा असतो, उंदीर असतात, हेही खरं. पण सामानात अंथरूण असतं, औषधं असतात, ओळखपत्रं असतात. आता आपली दोन गृहीतकं लावून बघा. घाण झाली होती : कोणती? कचरा, तंबू, की त्यात राहणारा माणूस? आणि ती आता राहणार नाही : गेली कुठे? माणूस तर बहुधा पुढच्या गल्लीत असतो. 1990च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या युद्धामुळे 'एथनिक क्लीन्सिंग' हा शब्द जगभर पोचला. शब्द वेगळा, घटना कितीतरी भयंकर, आणि या दोन्ही गोष्टी एका पारड्यात टाकायला नकोत. पण माणसांना मळाच्या जागी बसवण्याची युक्ती ओळखीची आहे.

त्या बाईंनी आम्हाला दाखवलेलं वाक्य अशाच एका बातमीतलं होतं, आणि त्यांनी त्याचं मराठी केलं होतं : 'पुलाखालच्या वस्तीची सफाई करण्यात आली.' मराठी म्हणून वाक्यात चूक काहीच नाही. वाचल्यावर वाटतं, वस्ती आहे तिथेच आहे, फक्त स्वच्छ झाली. आम्ही दोघांनी बसून ते बदललं ते असं : 'पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी पुलाखालचे तंबू हटवले, तिथे राहणाऱ्यांना जायला सांगितलं आणि जागा धुऊन काढली.' वाक्य लांबलं, याबद्दल बाईंची तक्रार होती.