अख्ख्या प्रांतानं ताट बदललं!

लाकूडतोड्या म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? रुंद खांदे, पिळदार दंड, कडाक्याच्या थंडीतही दिवसभर कुऱ्हाड चालवणारा गडी! असा माणूस हृदयविकारानं जाईल, असं वाटतं तरी का?

पण फिनलंडमध्ये नेमकं तेच घडत होतं. या देशाच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून नॉर्थ कारेलिया नावाचा प्रांत आहे. तळ्यांचा आणि जंगलांचा मुलूख. १९७० च्या सुमारास तिथं सुमारे १ लाख ८० हजार लोक राहत. जंगलात आणि शेतात राबणारी कष्टाळू माणसं! तरीही चाळिशी-पन्नाशीतले बाप्ये पटापट दगावत. ३५ ते ६४ वर्षांच्या दर १ लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे ६७० जण हृदयविकाराला बळी पडत. जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी हा एक होता. किती मुलांचे वडील गेले असतील, विचार करा!

लोकांनीच हाक मारली

शेवटी १९७१ मध्ये तिथल्या गव्हर्नरांसह प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारला अर्ज केला, ‘काहीतरी करा, आमची माणसं वाचवा.’ त्यातून १९७२ मध्ये ‘नॉर्थ कारेलिया प्रकल्प’ सुरू झाला. त्याचा प्रमुख होता डॉ. पेक्का पुस्का, वय तिशीच्याही आत!

आधी पाहणी झाली. निम्म्याहून जास्त पुरुष सिगारेट ओढत होते. दहातली नऊ माणसं पावाला लोणी फासून खात. जोडीला साईचं दूध, चरबीदार मांस आणि भरपूर मीठ. भाज्या-फळं अगदी नावाला. अशा खाण्यानं रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांना आतून थर चढत जातो. आपल्या नळाच्या पाइपात क्षार साचतात ना, साधारण तसंच. मीठ जास्त झालं की रक्तदाब वाढतो. तंबाखूमुळे धोका आणखी वाढतो. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं, दुखत काहीच नाही. मग एक दिवस अचानक झटका!

आता गंमत बघा. डॉक्टरांनी दवाखान्यात बसून ‘लोणी कमी खा’ म्हणून काय होणार? घरी स्वयंपाक तोच, दुकानात माल तोच, शेजारीपाजारी खाणं तेच. एकट्यानं बदलायचं कसं? पुस्का यांनी ओळखलं की, रोगी एक माणूस नाही, सगळ्या गावाची सवय आहे. तेव्हा औषधही सगळ्या गावानं मिळून घ्यायला हवं!

ज्याचं त्याचं काम

मदतीला धावल्या बायका. फिनलंडमध्ये १८९९ पासून ‘मार्था’ नावाची गृहिणींची संघटना आहे, आपल्या महिला मंडळासारखी. मार्थांच्या साथीनं गावोगावी ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ झाल्या. पदार्थ नेहमीचेच, पण चरबी नि मीठ कमी आणि भाज्या जास्त. आधी जेवण, मग गप्पा! चव आवडली की कृती आपोआप घरोघर पोचे. गावात ज्यांच्या शब्दाला मान, अशा शेकडो माणसांना शिकवून तयार केलं गेलं. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी कमी करायला सांगितलं, तर बेकरीवाल्यांना मीठ.

खरी अडचण पुढेच होती. दूध-लोणी हा तर तिथल्या शेतकऱ्यांचा पोटापाण्याचा धंदा! लोणी कमी खा म्हणणारा डॉक्टर त्यांना शत्रूच वाटणार ना? दूध व्यावसायिकांनी कडाडून विरोध केला. मग १९८० च्या दशकात सरकारच्या मदतीनं शेतकऱ्यांना बेरीची लागवड करायला उत्तेजन मिळालं. या थंड मुलखात बेरीची आंबट-गोड फळं छान येतात. म्हणजे शेतकऱ्याला नवं पीक आणि लोकांना फळं!

मुलांचाही वाटा होता बरं का! १९७८ मध्ये सातवीच्या वर्गांत एक उपक्रम सुरू झाला. वर्गातल्याच काही मुलांना ‘म्होरके’ नेमून शिकवलं, की मित्रानं सिगारेट पुढे केली तर ‘नाही’ कसं म्हणायचं. मग ते इतरांना शिकवत. पंधरा वर्षांनी तपासलं, तेव्हा या शाळांतून शिकलेल्यांत सिगारेट ओढणारे इतर शाळांपेक्षा कमी निघाले. १९९० च्या दशकात तर कोणतं गाव कोलेस्टेरॉल जास्त उतरवतं, याच्या चक्क स्पर्धा लागल्या!

हळूहळू हे काम देशभर पसरलं. १९७६ मध्ये फिनलंडनं तंबाखूविरोधी कायदा करून सिगारेटच्या जाहिराती बंद केल्या. १९९७ मध्ये, पंचवीस वर्षांनी प्रकल्प संपला, पण सवयी टिकल्या. तोवर उपचारही सुधारले होते. २००६ च्या सुमारास तो ६७० चा आकडा जवळजवळ १०० वर आला होता.

आता आपली पाळी

आपल्याकडेही मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार घराघरांत शिरले आहेत. लोण्याऐवजी आपल्याकडे वडे-भजी, फरसाण, पापड-लोणचं आहे. सिगारेटच्या जोडीला तंबाखूची मळी आहे. मग सुरुवात कुठून करायची?

एक सोपा हिशेब करा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमच्यापेक्षा कमी मीठ खावं. घरात चौघं मोठी माणसं असतील तर दिवसाचे २० ग्रॅम. म्हणजे १ किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरायला हवी. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. ती संपली की दिवस मोजा. (बाहेरच्या फरसाणातलं मीठ यात धरलेलंच नाही, हं!)

हा हिशेब एकट्यानं करू नका. वर्गातल्या दहाजणांनी करा, चाळीतल्या सगळ्या घरांनी करा आणि आकडे फळ्यावर मांडा. आईला एकटीला सांगून भागणार नाही. बाबा, आजी आणि कोपऱ्यावरचा भजीवाला, सगळेच यात हवेत. कुणाची पिशवी जास्त दिवस पुरते, लावा पैज!