परमुलखातले मैदान

मैदान आणि माणूस : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आपण 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपर्यंत येऊन थांबलो होतो. हॉकीपटूच्या पायांखालची हिरवळ काढून घेऊन तिच्या जागी कृत्रिम गवताचा गालिचा त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये प्रथमच अंथरला गेला आणि 1928 पासून या खेळावर जवळजवळ वतनदारी सांगणाऱ्या भारताला तेथून सातव्या क्रमांकाने परतावे लागले, एवढा मजकूर त्यात आला होता. तो वाचून झाल्यावर की न वाचताच, हे मला ठाऊक नाही, परंतु शालेय स्पर्धेच्या निमित्ताने जिल्ह्याबाहेर जाऊन पहिल्यांदाच तसल्या मैदानावर खेळून आलेला एक मुलगा परवा बुलढाण्यातल्या एका मैदानाच्या कडेला मला भेटला आणि हरल्याचे दुःख सांगण्याऐवजी तक्रारीच्या सुरात म्हणाला, “सर, तिथं बॉल थांबतच नाही ना जी!”

आपल्या मुलखाबाहेर जाऊन परक्या देशाच्या लीगमध्ये पोटासाठी आणि प्रतिष्ठेसाठी खेळणाऱ्या हॉकीपटूला काय काय नव्याने शिकावे लागते, हा आजच्या लेखांकाचा विषय. आणि त्याचा बराचसा अर्थ त्या मुलाच्या वाक्यात आलेला आहे.

आपल्याकडील मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात चेंडू तिच्यात रुतून बसतो, आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांच्या काठावर आपटून भलत्याच दिशेला उसळतो. त्यामुळे चेंडू येताना दिसला की खेळाडूची सारी इंद्रिये त्या 156 ते 163 ग्रॅम वजनाच्या गोळ्यावर खिळतात. पहिला स्पर्श त्याला वश करण्यात जातो, दुसरा त्याला सरळ करण्यात, आणि तिसऱ्या स्पर्शाला कोठे खेळ सुरू होतो. कृत्रिम गवतावर, त्यातही सामन्यापूर्वी पाण्याने चिंब केलेल्या मैदानावर, चेंडू उसळी न घेता सरळ रेषेत सरपटत येतो. तो कोठे येणार हे आधीच ठरलेले असल्यामुळे त्याच्याकडे टक लावून पाहण्याची गरज उरत नाही. तेथे नजर उचलून, 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद अशा त्या चौकटीत आपले कोण, परके कोण, रिकामी जागा कोठे, हे चेंडू पोहोचण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते. ज्याची नजर खाली राहिली, त्याचा चेंडू निघून गेला.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांना, खेळण्यासाठी प्लॅस्टिकच्या गवतावर पाणी ओततात ही वार्ता अंगावर येण्यासारखी आहे. ही उधळपट्टी आता त्या खेळाच्या कारभाऱ्यांच्याही ध्यानी आली असून 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी कमी पाणी लागेल असा पृष्ठभाग मुद्दाम तयार करण्यात आला होता.

मैदान बदलले की सद्गुणाचाही दोष होतो, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला तरी नवी वाटू नये. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेली एसटी राजूर घाट उतरली की हवा बदलते, माती बदलते, बोलण्याचा हेलही थोडा बदलतो. म्हणूनच आपण एकाच जिल्ह्याचे लोक एकमेकांना ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ म्हणून ओळखतो. घाटावरचा कष्टाळू कुणबी पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात शेत करायला गेला, तर त्याचे औत तेच असते, हातही तेच असतात. परंतु पिकाने मान टाकली की विहिरीचे पाणी द्यायचे ही त्याची वाडवडिलांपासूनची शहाणी सवय तेथे पिकाच्या मुळावर येते, कारण त्या विहिरीचे पाणीच खारट असते. त्याला नवे तंत्र शिकण्याआधी आपला जुना गुण आवरता घ्यायला शिकावे लागते. परदेशी लीगमध्ये गेलेल्या हॉकीपटूची कथा तंतोतंत हीच आहे.

महाराष्ट्रात या कथेचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे खडकीचे धनराज पिल्ले. 16 जुलै 1968 रोजी जन्मलेल्या धनराज यांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. घरची भाषा तमिळ, बाहेरची मराठी आणि लष्करी छावणीतली हिंदी, अशा तिहेरी बोलीत वाढलेला हा मुलगा मोडक्या स्टिका आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन भावांबरोबर त्या वसाहतीच्या मऊ, धुळीच्या मैदानावर खेळत मोठा झाला. महंमद शाहिद हे त्याचे दैवत. पुढे मोठे बंधू रमेश यांच्यामागोमाग ते मुंबईला गेले, महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालो यांच्या देखरेखीखाली त्यांचा खेळ घोटला गेला, 1989 च्या डिसेंबरात दिल्लीच्या आशिया चषकात ते भारताकडून प्रथम खेळले, आणि मग चार ऑलिंपिक, चार विश्वचषक व चार आशियाई क्रीडास्पर्धा एवढी प्रदीर्घ चाकरी त्यांनी या खेळाची केली.

मोडक्या स्टिकने आणि टाकाऊ चेंडूने शिकलेल्या मुलाच्या दृष्टीने चेंडू ही दुर्मिळ वस्तू असते. ती हाती आली की सहजासहजी सोडायची नसते. स्टिकची सपाट बाजू एकच आणि ती डावीकडची, डावखुऱ्यासाठी वेगळी स्टिक नियमातच नाही, या मर्यादेतून मनगट उलटेसुलटे फिरवत चेंडू डावीउजवीकडे नाचवीत नेण्याची जी कला आपल्या उपखंडात सिद्ध झाली, तिला युरोपातले शिक्षक आजही ‘भारतीय ड्रिबल’ म्हणूनच ओळखतात. स्टिकचे पुढचे लांबट टोक आखूड झाले तेही याच उपखंडातल्या कारागिरांमुळे, आणि तुतीच्या लाकडाच्या त्या आखूड टोकाच्या स्टिका पुढे साऱ्या जगाने उचलल्या. धनराज यांचा वेग आणि ही नाचरी कला यांच्या संयोगातून जो आघाडीचा खेळाडू घडला, त्याला लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्समधील ल्यों, जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स, ढाक्याचे आबाहानी आणि मलेशियातील बँक सिम्पानन नॅशनल व टेलिकॉम मलेशिया अशा क्लबांनी वेळोवेळी आपल्याकडे बोलावून घेतले.

या नावांची यादी एका दमात वाचली की सारे परदेश एकसारखेच वाटू लागतात; पण परकेपणालाही प्रती असतात. लंडनचा इंडियन जिमखाना 1916 साली तेथील हिंदी लोकांसाठीच निघालेला, तेव्हा तेथे हवामान परके असले तरी माणसे परकी नव्हेत. ढाक्यात आबाहानी आणि मोहमेडन यांच्यातले जुने वैर असे की हॉकीतही ते प्रेक्षकांना दोन तटांत उभे करते. तेथे जेवणात डाळभात असतो, गर्दीचा स्वभाव ओळखीचा असतो, आणि नवे असते ते एवढेच की ही गर्दी पाहुण्याकडून दर सामन्याला गोलाची वसुली मागते. मलेशियात दमट उष्मा आणि संध्याकाळच्या सरी यांच्याशी गाठ पडते. मात्र तमिळ भाषकांची मोठी वस्ती त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या नांदत असल्यामुळे, खडकीच्या मराठी रस्त्यावर जी भाषा घराच्या उंबरठ्याआडच राहत असे, ती घरची भाषा क्वालालंपूरच्या भर रस्त्यात चालणारी. परमुलूख खऱ्या अर्थाने सुरू होतो तो ल्यों आणि स्टुटगार्ट येथे.

जर्मनीतल्या हॉकीचे वर्षच निराळे. मोकळ्या मैदानावरचा हंगाम थंडी पडताच थांबतो, आणि मधल्या कडक हिवाळ्यात हाच खेळ छताखाली, लाकडी फरशीच्या दिवाणखान्यात चालतो. सुमारे 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद अशी ती जागा; बाजूंना लाकडी फळ्या; अकराऐवजी गोलरक्षकासह सहा खेळाडू. तेथे चेंडूला तडाखा मारण्याची मनाई असते, तो फक्त ढकलायचा असतो. गोलावर नेम धरल्याखेरीज तो जमिनीवरून उचलायचाही नसतो. भारतात जन्मभर मोकळ्या आकाशाखाली धावलेल्या खेळाडूला ही खोली प्रथम कोंडवाड्यासारखी वाटली तर नवल नाही. पण भिंतीला टेकवून कोनातून चेंडू पुढे सरकवणे, एका स्पर्शात तो दुसऱ्याच्या हवाली करणे, आणि स्वतः लगेच नव्या जागी हजर होणे, ही जर्मन हॉकीची बाराखडी याच खोलीत गिरवली जाते. वसंतात ती मंडळी पुन्हा बाहेर पडतात तेव्हा हिवाळ्यातली ही घाई अंगात घेऊनच पडतात. तीन जणांना चकवून चौथ्याकडे चेंडू गमावणाऱ्याला आपल्याकडे टाळ्या पडतात. तेथे त्याला विचारले जाते, दुसऱ्याला चकवल्यावर चेंडू सोडला का नाही? ड्रिबल हा गुण तेथेही गुणच असतो, परंतु तो सणावारी काढण्याच्या शेल्यासारखा. रोज अंगावर घेतला तर अंगणातली कामे खोळंबतात.

मैदानावरच्या या शिस्तीपेक्षाही मैदानाबाहेरचा बदल अधिक खोल असतो, आणि त्याचे मूळ नोकरीत आहे. आपल्याकडचा हॉकीपटू दफ्तरातल्या नोंदीप्रमाणे बहुधा खेळाडू नसतोच; तो रेल्वेचा, पोलीस खात्याचा किंवा तेल कंपनीचा नोकर असतो (धनराज इंडियन एअरलाइन्सचे होते), आणि खेळतो ते मंजूर रजेवर. खेळ संपला तरी पगार चालू राहतो, ही त्या व्यवस्थेची मोठी दया. आणि खेळाडूचा खेळावरचा हक्क तिच्यामुळे कधीच सिद्ध होत नाही, ही तिची मोठी उणीव. परदेशी क्लबाशी केलेल्या करारनाम्यात हंगाम, मोबदला, राहण्याची सोय हा तपशील कलमवार लिहिलेला असतो, आणि खेळाडू म्हणून आपली किंमत काय हे त्याला आयुष्यात प्रथमच कागदावर वाचायला मिळते. 1998 च्या डिसेंबरात बँकॉकला धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने तब्बल 32 वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्णधारासह अनेक विजयी खेळाडू संघातून वगळले गेले, ही हकीकत ज्यांना आठवते, त्यांना अशा कागदाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

पण या कागदाच्या दुसऱ्या बाजूला एक विचित्र गोष्ट असते. ज्या क्लबात हा मोबदला घेणारा पाहुणा येतो, तेथले त्याचे सहकारी बहुधा वर्गणी भरणारे सभासद असतात. कोणी वैद्यकाचा विद्यार्थी, कोणी अभियंता, कोणी बँकेतला अधिकारी. दिवसभर आपापली कामे उरकून ते संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सरावाला जमतात. त्याच मैदानावर त्यांची मुलेही खेळतात आणि निवृत्त वडीलही. पाहुण्याचा दिवस मात्र रिकामा असतो, आणि डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळणाऱ्या गावात रिकामा दिवस हा सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी ठरतो. म्हणून पुष्कळ क्लब अशा खेळाडूकडे मुलांना शिकवण्याचे कामही सोपवतात. भाषा येत नसताना आठ वर्षांच्या पोरांना मनगट कसे वळवायचे ते दाखवावे लागते, पोरे हसतात, चुकीचे शब्द सुधारून देतात, आणि महिन्याभरात पाहुण्याला ‘डावीकडे’, ‘पाठीमागे’, ‘सोड’ हे शब्द तरी पक्के होतात. त्यातला ‘सोड’ हा शब्द त्याच्या सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

या वाटेने पुढे इतरही गेले. सरदार सिंग बेल्जियममध्ये ल्युव्हेनकडून आणि नंतर नेदरलँड्समध्ये ब्लूमेंडालकडून खेळले. 2013 साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा प्रवाह उलटा वाहू लागला. ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ मुंबईच्या संघाला शिकवायला आले, आणि युरोपातले नामांकित खेळाडू आपल्या उन्हाशी व मसाल्याशी जुळवून घेऊ लागले. त्याच पहिल्या हंगामात सीमेवरच्या तणावामुळे पाकिस्तानच्या 9 खेळाडूंना न खेळताच माघारी जावे लागले. परदेशी लीगमधला खेळाडू कितीही पक्का करार करून आला, तरी त्याच्या वास्तव्याचा शेवटचा हुकूम मैदानाबाहेरच निघतो, हे कटू सत्य त्या प्रसंगाने सर्वांपुढे मांडले.

आता आमच्या त्या तक्रारदाराकडे वळू. त्याला कृत्रिम गवत आणून देणे माझ्या हाती नव्हते. म्हणून मी त्याला त्याच काळ्या मैदानावर चेंडू घेऊन माझ्या दिशेने धावत यायला सांगितले, आणि अट एकच घातली, की मी हात वर करून जितकी बोटे दाखवीन तितका आकडा त्याने धावताधावताच ओरडून सांगायचा. चार वेळा त्याने चेंडू सांभाळला आणि आकडा चुकवला. पाचव्या खेपेला तो मान वर करून, दात ओठ खात धावत आला आणि “तीन!” असे एवढ्या मोठ्याने ओरडला की कडेची पोरे वळून पाहू लागली. चेंडू केव्हाच एका भेगेवर आपटून बाजूच्या बाभळीकडे गेला होता.

बोटे मात्र तीनच होती.

(पुढील लेखांकात : गोलरक्षकाची एकाकी विद्या)