जुने पत्ते पुसण्याची किंमत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या परिसरात, एका पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी-जामखेडच्या पट्ट्याला मात्र वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. इतक्या थोड्या अंतरात पर्जन्यमान इतके बदलत असेल, तर तेथील अंदाजासाठी संगणकातील प्रारूपाला जमीन बारीक चौकोनांत विभागून पाहावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सहा किलोमीटरच्या जाळीवर काम करते. त्याआधीची जाळी बारा किलोमीटरची होती. चौकोनाची बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात, शिवाय गणनेतील कालखंडही लहान घ्यावे लागतात, त्यामुळे एकूण भार चौपटीच्याही पुढे जातो. हा भार त्याच संस्थेतील ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक वाहतो, ज्याचे लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. अर्कामध्ये एएमडी कंपनीचे ‘एपिक ७६४३’ हे प्रोसेसर आहेत आणि त्या प्रत्येकात ४८ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करू शकणारे ४८ घटक, एकाच आवरणाखाली नांदतात. इतके कोअर एकाच स्मृतीवर काम करू लागले की त्यांना आपसात एक गोष्ट सतत जुळवून घ्यावी लागते, आणि ती म्हणजे स्मृतीतील पत्त्यांविषयीचे एकमत.

कोणताही प्रोग्राम स्मृतीचा जो पत्ता वापरतो तो खरा नसतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, प्रत्येक प्रोग्रामला आभासी पत्त्यांचे स्वतंत्र विश्व देतो, आणि कोणता आभासी पत्ता प्रत्यक्ष स्मृतीत कोठे पडतो याची नोंद ‘पेज टेबल’ नावाच्या तक्त्यांत ठेवतो. स्मृतीची विभागणी सर्वसाधारणपणे ४,०९६ बाइटांच्या पेजांत केलेली असते आणि तक्ते बहुधा चार पातळ्यांचे असतात. म्हणजे स्मृतीतील एक आकडा वाचण्यासाठी आधी चार नोंदी वाचाव्या लागल्या असत्या. प्रत्येक वेळी एवढी यातायात परवडणारी नसल्यामुळे प्रत्येक कोअर नुकत्याच सापडलेल्या उत्तरांचा छोटा, अतिशय वेगवान साठा स्वतःपाशी बाळगतो. या साठ्याला टीएलबी म्हणतात. त्यात थोड्याच नोंदी मावतात, अर्काच्या पिढीतील कोअरमध्ये दुसऱ्या पातळीवरही सुमारे दोन हजारच. तरी बहुतेक वेळा हवी ती नोंद तेथेच सापडते आणि तक्त्यांपर्यंत जावे लागत नाही.

अडचण सुरू होते ती तक्ता बदलल्यावर. जमिनीचा फेरफार मंजूर होऊन मूळ अभिलेखात नवा खातेदार आला, तरी कोणाच्या कपाटात पडलेल्या सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर पूर्वीचेच नाव राहते, आणि तो उतारा खरा मानून कोणी व्यवहार केला तर अनर्थ ओढवतो. टीएलबीतील नोंद ही अशीच प्रत असते. कर्नलने एखादे पेज एका प्रोग्रामकडून काढून दुसऱ्याला दिले आणि एखाद्या कोअरकडे जुनी नोंद शिल्लक राहिली, तर पहिला प्रोग्राम दुसऱ्याची माहिती वाचेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिच्यावर लिहील. प्रोसेसरांतील साध्या कॅशे, म्हणजे माहितीचे वेगवान साठे, यंत्रणाच, म्हणजे हार्डवेअरच, आपोआप सुसंगत ठेवते. टीएलबीच्या बाबतीत ती जबाबदारी बहुतेक संगणकांत कर्नलवर सोपवलेली आहे.

कर्नल हे काम कसे पार पाडतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका प्रोग्रामचे ४८ धागे, म्हणजे एकाच स्मृतीत समांतर चालणारे कामाचे प्रवाह, ४८ कोअरवर चालू आहेत आणि त्यांपैकी एकाने काम संपलेला स्मृतीचा तुकडा परत केला. त्याच्या कोअरवरील कर्नल प्रथम तक्त्यातील नोंदी खोडतो आणि मग स्वतःच्या टीएलबीतील प्रत पुसतो, ज्यासाठी इंटेलच्या ८०४८६ या १९८९ च्या प्रोसेसरपासून स्वतंत्र आज्ञाच उपलब्ध आहे. पण ती आज्ञा दुसऱ्या कोअरच्या टीएलबीला हात लावू शकत नाही. म्हणून कर्नल उरलेल्या ४७ कोअरना व्यत्ययाचा संदेश पाठवतो. त्यांपैकी प्रत्येक कोअर चालू गणित अर्ध्यावर सोडतो, आपली अवस्था जपून ठेवतो, कर्नलमध्ये शिरतो, सांगितलेली नोंद पुसतो, पोच देतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. शेवटची पोच हाती येईपर्यंत पहिला कोअर थांबून राहतो, आणि एखाद्या कोअरने त्या क्षणी व्यत्यय बंद ठेवलेले असतील तर ही वाट पाहणे आणखी लांबते. नवी नोंद जोडणे स्वस्त असते, कारण ती ज्याला लागेल तो ती तक्त्यातून स्वतः शोधून घेतो. जुनी नोंद विसरायला लावणे महाग पडते, कारण ते प्रत्येकाला सांगावे लागते आणि प्रत्येकाने ऐकल्याची खात्रीही करून घ्यावी लागते. या सर्व खटाटोपाला ‘टीएलबी शूटडाउन’ म्हणतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात घडलेल्या ‘माख’ या कर्नलच्या संशोधकांनी १९८९ मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली.

पुण्यातील सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये सिद्ध केलेला ‘परम ८०००’ या कटकटीपासून मुक्त होता. त्यातील ट्रान्सप्युटर प्रोसेसरांना प्रत्येकाची स्वतःची स्मृती होती, ते एकमेकांशी केवळ निरोपांनी बोलत आणि त्यांच्यात पत्त्यांचे रूपांतर करणारी यंत्रणाच नव्हती. एका प्रोसेसरमध्ये डझनावारी कोअर मावू लागल्यावर मात्र हा प्रश्न प्रत्येक मोठ्या संगणकाच्या दाराशी आला.

त्यावरचा एक उपाय असा की, निरोप पोहोचवण्याचे काम कर्नलकडून काढून विद्युत-मंडलांनाच द्यावे. एएमडीने २०२१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘मिलान’ पिढीच्या एपिक प्रोसेसरांत, म्हणजे अर्कातील प्रोसेसरांच्याच कुळात, ‘आयएनव्हीएलपीजीबी’ ही आज्ञा आहे. एका कोअरने ती दिली की पुसण्याचा निरोप यंत्रणेमार्फत सर्व कोअरच्या टीएलबीपर्यंत जातो. कोणाच्याही प्रोग्राममध्ये व्यत्यय येत नाही, कोणाला कर्नलमध्ये शिरावे लागत नाही. ‘टीएलबीसिंक’ ही जोड-आज्ञा सर्वत्र पुसून झाल्याची खात्री होईपर्यंत निरोप देणाऱ्या कोअरला थांबवते. आर्म घराण्याच्या प्रोसेसरांत अशी सोय बऱ्याच आधीपासून आहे.

आज्ञा मिळाली म्हणून कर्नलचे काम संपत नाही. टीएलबीतील नोंदीवर ती कोणत्या प्रोग्रामची आहे हे सांगणारा क्रमांक असतो आणि लिनक्स या कर्नलमध्ये प्रत्येक कोअर हे क्रमांक आपापल्या सोयीने वाटत असे. एकाच प्रोग्रामला एका कोअरवर तीन आणि दुसऱ्यावर पाच क्रमांक असेल, तर सर्वांना एकच निरोप कसा धाडणार? त्यामुळे सर्व कोअरवर सारखाच राहणारा क्रमांक देण्याची व्यवस्था करावी लागली, आणि असे क्रमांक मोजकेच असल्याने ते फक्त बऱ्याच कोअरवर पसरलेल्या प्रोग्रामना देण्याचे ठरले. रिक व्हॅन रील या प्रोग्रामरांनी लिहिलेले हे बदल २५ मे २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ६.१५ मध्ये आले.

त्यांनी बदलांसोबत दिलेली मोजमापे फार बोलकी आहेत. मिलान पिढीच्या ३६ कोअरच्या यंत्रावर, सतत स्मृती परत करणाऱ्या एका चाचणीत जुना कर्नल सेकंदाला ५ लाख २७ हजार फेऱ्या करत होता. नव्या आज्ञेमुळे नोंदी पुसण्यात जाणारा वेळ ४० टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर उतरला, आणि तरीही फेऱ्या ५ लाख २७ हजारच राहिल्या, कारण आता सगळे कोअर कर्नलमधील एका कुलपापाशी, म्हणजे एका वेळी एकालाच पुढे सोडणाऱ्या अटकावापाशी, ताटकळू लागले. त्या कुलपावरचा अनावश्यक भार काढल्यावर मात्र संख्या ११ लाख ५७ हजारांवर गेली. कर्नलमधील असा अडथळा हटवल्याविना यंत्रणेची नवी ताकद वापरात येत नाही, हे या आकड्यांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

हवामानाच्या प्रारूपांना हा दुपटीचा लाभ सरसकट मिळेल असे मानणे योग्य नव्हे. ते प्रोग्राम बहुधा लागणारी स्मृती सुरुवातीलाच घेतात आणि शेवटपर्यंत धरून ठेवतात. खरा फायदा अनेक धाग्यांनी स्मृती वारंवार घेणाऱ्या-सोडणाऱ्या डेटाबेसांना आणि इंटरनेट सेवांना होतो. उलट महासंगणकावर सर्वांना धाडलेला निरोपच जाचक ठरल्याचे उदाहरण आहे. फुजित्सूच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये आर्मवरील लिनक्ससाठी असा प्रस्ताव मांडला की, हे सार्वत्रिक निरोप बंद करून संबंधित कोअरनाच व्यत्यय पाठवण्याची मुभा असावी. कारण एका कोअरच्या घरगुती कामासाठी निघालेला निरोप त्याच्याशी काही संबंध नसलेल्या कोअरनाही क्षणभर अडवत होता, आणि हजारो कोअर एकमेकांची वाट पाहत पावलाला पाऊल जुळवून चालत असताना एकाचा विलंब सर्वांचा विलंब होतो. सी-डॅकने आर्मच्या आराखड्यावर आधारलेल्या ९६ कोअरच्या ‘औम’ प्रोसेसरची आखणी केली आहे. त्यावर चालणाऱ्या कर्नललाही निरोप सर्वांना द्यायचा की मोजक्यांना, हे प्रत्येक प्रकारच्या कामासाठी मोजूनच ठरवावे लागेल.