ऑर्वाल: कोवळी की मुरलेली?

ऑर्वाल या बेल्जियन बिअरची बाटली हातात आली की मी आधी पाठीमागचं लेबल बघते. तिथे दोन तारखा छापलेल्या असतात. एक बाटली भरल्याची, दुसरी त्यापुढे पाच वर्षांनंतरची. एरवी बिअर घेणारा मुदत कधी संपते तेवढं बघतो. ऑर्वाल पिणाऱ्याचं सगळं लक्ष पहिल्या तारखेवर. बाटलीत भरल्यापासून किती महिने झाले, यावर ती कशी लागणार हे ठरतं, आणि फरक एकोणीस-वीसचा नसतो. तीन महिन्यांची आणि दीड वर्षाची बाटली शेजारी शेजारी उघडली, तर दोन्हींत एकच बिअर भरली होती हे नवख्या माणसाला पटणं कठीण.

बेल्जियन पेल एल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अँटवर्पची द कोनिंक येते. 1833 पासूनची ब्रुअरी, बोलेके नावाचा गोलसर ग्लास, तांबूस रंग, पाच टक्क्यांच्या जरा वर अल्कोहोल. मॉल्टची बिस्किटासारखी चव, यीस्टचा किंचित फळांचा वास आणि बेताचा कडवटपणा. तिन्हींतलं कोणीच पुढे पुढे करत नाही. रोज संध्याकाळी प्यावी अशी ती बिअर आहे आणि मला ती मनापासून आवडते. तिच्यावर जीभ बसली की ऑर्वालकडे वळावं. रंगाने, जातकुळीने ऑर्वालसुद्धा पेल एलच. पण तिच्यात बाटली भरताना असं काहीतरी सोडलेलं असतं, की ती पुढची कितीतरी वर्षं बदलत राहते.

ऑर्वाल बनते ती त्याच नावाच्या मठात. हा मठ बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सीमेलगतच्या गोम या जंगलांच्या मुलखात आहे. 1070 च्या सुमारास दक्षिण इटलीतून आलेल्या साधूंनी इथे पहिली वस्ती केली, 1132 मध्ये सिस्टर्शियन पंथाचे साधू आले, आणि 1793 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी मठ लुटून जाळला. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं तिथे नुसते भग्न खांब आणि कमानी उभ्या होत्या. 1926 मध्ये नव्याने बांधकाम सुरू झालं. त्याला पैसा हवा होता, म्हणून 1931 मध्ये आवारातच ब्रुअरी काढली. नव्या मठाचे वास्तुरचनाकार आंरी वाएस यांनीच बिअरचा जाड बुडाचा, रुंद तोंडाचा ग्लास रेखाटला. बाटलीचा आकारही वेगळा, मधेच कंबर आवळलेला. लेबलवर तोंडात सोन्याची अंगठी धरलेला ट्राउट मासा आहे. तस्कनीच्या माटिल्डाची अंगठी मठातल्या झऱ्यात पडली आणि माशाने ती वर आणून दिली, अशी तिथली आख्यायिका. बिअरला पाणी त्याच झऱ्याचं.

ब्रुअरीत कामाला पहिल्यापासून संसारी माणसं. साधू देखरेख करतात, आणि मागणी वाढली म्हणून वाट्टेल तितकं उत्पादन वाढवत नाहीत. बेल्जियममधल्या दुकानांतसुद्धा कधी कधी ऑर्वालची फळी रिकामी दिसते. ग्राहक म्हणून माझी चरफड होते, पण हा हट्ट मला योग्य वाटतो. ज्या बिअरला बाटलीत महिने काढायचे आहेत, तिची घाई कोणाच्या फायद्याची?

बनवण्याची रीत ऐकायला सोपी आहे. फिकट मॉल्ट, रंगापुरता थोडा कॅरॅमल मॉल्ट, थोडी साखर. एलचं यीस्ट घातलं की पहिलं आंबवणं चार-पाच दिवसांत उरकतं. मग बिअर मोठ्या टाक्यांत जाते आणि तिथे साधारण पंधरा अंशांवर दोन-तीन आठवडे तिच्यात हॉप्स भिजत ठेवतात. हॉप्स उकळले की कडवटपणा उतरतो. असे थंड बिअरमध्ये भिजवले की फुलांचा, सालीचा सुगंध उतरतो आणि कडवटपणाची फारशी भर पडत नाही. ही रीत मूळची इंग्लंडमधली. 1930 च्या दशकातल्या बेल्जियन मठाने ती उचलली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शेवटी बाटलीत भरताना थोडी साखर आणि ताजं यीस्ट घालतात. त्या यीस्टमध्ये ब्रेटानोमायसीस, थोडक्यात ब्रेट, ही यीस्टची वेगळी जात असते. लुव्हेनला माझी एक मराठी मैत्रीण सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते. ऑर्वाल कळायला लागली ती तिच्यामुळे. दारूच्या धंद्यात ब्रेट म्हणजे पीडा, हे तिनेच आधी सांगितलं. वाइनच्या लाकडी पिंपात ते शिरलं तर पुढची सगळी वाइन धोक्यात. 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या नील्स येल्टे क्लाउसेन या शास्त्रज्ञाने इंग्लिश बिअरमधून ते वेगळं काढून दाखवलं. साठवून जुन्या केलेल्या इंग्लिश एलची खास चव याच यीस्टमुळे येते, असं त्याने मांडलं.

"अगं, साधं यीस्ट मोठ्या साखरा तशाच टाकून देतं," ती म्हणाली. "त्याला लहान साखर लागते. ती संपली की ते तळाशी जाऊन बसतं. ब्रेटला त्या लांब साखळ्याही तोडता येतात. फक्त त्याला घाई नसते."

"मग बाटलीत गोडवा उरतच नाही?"

"दर महिन्याला थोडा थोडा कमी होतो. आणि तेवढा गॅस वाढतो, अल्कोहोलसुद्धा."

लेबलवर 6.2 टक्के छापलेलं असतं. जुन्या बाटलीत ते वर सरकलेलं असतं. वासांचंही तेच. एलचं यीस्ट जे फळांचे वास तयार करतं, त्यांतले काही ब्रेट मोडतं आणि आपले नवे घडवतं. त्यांतले दोन अगदी ओळखू येणारे: एक लवंग आणि धूर यांच्या मधला, दुसरा चामड्याचा, तबेल्याचा. इकडे हॉप्सचा सुगंध हवेला आणि काळाला टिकत नाही, तो ओसरतो. कडवटपणा देणारी द्रव्यंसुद्धा हळूहळू विरतात. एक बाजू चढत असते, दुसरी उतरत असते, आणि बाटली उघडतो त्या दिवशी दोन्ही जिथे पोचलेल्या असतील ते आपल्या ग्लासात येतं.

हे समजून घ्यायचं तर एक कोवळी आणि एक जुनी बाटली एकत्र उघडावी. बाटल्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. प्यायच्या वेळी बारा ते चौदा अंश तापमान मला सर्वांत बरं वाटतं. आपल्याकडे बिअर म्हणजे 'चिल्ड', बाटलीला घाम फुटलेला असलाच पाहिजे. मेमधल्या पुण्यात लागर पिताना मीही तसंच म्हणेन. पण वास हवेत उठायला थोडी ऊब लागते, आणि बर्फासारख्या गार ऑर्वालमध्ये कडवटपणा नि गॅस सोडून हाती काही लागत नाही.

ग्लास निर्मळ हवा. भांड्याच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो, आणि ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहतात. ते दिसले की ग्लास नीट धुतलेला नाही हे समजावं. ओतण्याआधी गार पाण्याने विसळून घ्यावा, पुसू नये.

आधी कोवळी, तीन महिन्यांची. ग्लास तिरपा धरून सावकाश ओतली की पांढरा, घट्ट फेस चढतो. रंग केशरीकडे झुकलेला तांबूस. नाक जवळ नेलं की हॉप्सच पुढे: लिंबाची साल नखाने खरवडल्यावर येतो तो तिखट-ताजा वास, चुरगळलेली हिरवी पानं, मागे पांढरी मिरी. घोट घेतला की जिभेच्या टोकाला क्षणभर मॉल्टचा गोडवा लागतो आणि लगेच कडवटपणा सगळं तोंड व्यापतो. सरळ, ठसठशीत कडवटपणा, कारल्यासारखा रेंगाळणारा. वाइन चाखणारे घोट थुंकतात. बिअर चाखणारे गिळतात. कडवटपणा गिळल्यावरच पुरा कळतो. गिळून झालं की तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. पोटाकडे गेलेल्या घोटाचा वास मागच्या वाटेने नाकात येतो, आणि ग्लासावर न सापडलेली मिरी तिथे सापडते.

मग दीड वर्षाची. झाकण उचकटताच फुसकारा मोठा येतो. इथे ओतण्याची घाई चालत नाही. गॅस इतका वाढलेला असतो की दोन बोटं बिअरवर चार बोटं फेस होतो. थांबावं, तो थोडा बसू द्यावा, पुन्हा ओतावं. एका बाटलीत फक्त तेहतीस सेंटिलिटर, आणि तेवढी ग्लासात उतरायला कधी चार-पाच मिनिटं जातात. शेवटचा बोटभर भाग गाळासकट बाटलीतच ठेवते. काहीजण तो मुद्दाम ढवळून ओततात, काहीजण छोट्या ग्लासात वेगळा पितात. मला त्यातली पिठूळ चव नको वाटते.

वास पहिल्या क्षणी दचकवतो. वाळलेलं गवत, जुनं चामडं, घोड्याच्या अंगावरून काढलेल्या घोंगडीचा दर्प. बिअर तपासणाऱ्यांच्या शब्दसंग्रहात घोंगडीच्या वासाला स्वतंत्र जागा आहे, आणि तो वर्णनाचा शब्द आहे, तक्रारीचा नव्हे. पहिल्यांदा चाखणारा इथेच ग्लास खाली ठेवतो. त्याने दोन मिनिटं द्यावीत. फेस खाली येतो, बिअरला जरा ऊब मिळते, आणि दर्पाच्या खालून संत्र्याची वाळलेली साल वर येते, कधी पिकलेल्या अननसाची एक छटा. हॉप्स पूर्ण गेलेले नसतात, मागे सरलेले असतात. घोट जिभेवर हलका, जवळजवळ कोरडा. गोडवा नावालाही नाही. कडवटपणाची धार मोडलेली, पण कोरडेपणामुळे तो जाणवत राहतो. अल्कोहोल वाढूनही ती कोवळीपेक्षा हलकी वाटते, कारण तोंडाला भरलेपण देणाऱ्या त्या लांब साखरा ब्रेटने संपवलेल्या असतात. मैत्रिणीने सांगितलेलं रसायन इतकं स्पष्टपणे जिभेवर सापडावं, याचा मला दर वेळी आनंद होतो.

पिता पिता ग्लासवर फेसाची कडी उमटत जातात, प्रत्येक घोटाला एक. चांगल्या फेसाची ती खूण.

मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर 'आ लांज गार्दियां' हे कॅफे आहे. तिथे, आणि बेल्जियमच्या बऱ्याच जाणत्या कॅफेंतही, ऑर्वाल मागितली की वेटर उलट विचारतो: कोवळी की जुनी? सहा महिन्यांच्या आतली कोवळी, त्यापुढची जुनी, असा ढोबळ हिशेब. मग गार हवी की तळघरातल्या तापमानाची, हा दुसरा प्रश्न. हे प्रश्न तिथे कोणी शिष्टपणे विचारत नाही. ट्रॅक्टर बाहेर लावून आलेला शेतकरीही त्यांचं उत्तर तयार ठेवून असतो. एका बिअरच्या वयाबद्दल गावातल्या सगळ्यांना मत असावं, हे मला त्या मुलखाचं खरं वैभव वाटतं.

समुद्रापलीकडेही या बिअरने माणसं झपाटली. शिकागोच्या गूज आयलंड या 1988 मध्ये सुरू झालेल्या ब्रुअरीने ऑर्वालपासून स्फूर्ती घेऊन बेल्जियन धाटणीची पेल एल काढली आणि तिचं नाव ठेवलं 'मटिल्डा', अंगठीवाल्या माटिल्डावरून. ती अधिक फळांची, अधिक गोडसर, आणि स्वतःच्या जागी देखणी. क्राफ्ट ब्रुअरींना अशी बिअर करणं अवघड जातं, त्याचं कारण हिशेबात आहे. ब्रेट एकदा नळ्यांत शिरलं तर बाकीच्या बिअरमध्येही उतरू शकतं, म्हणून भांडी वेगळी हवीत. बाटलीत काय आणि किती दिवसांनी घडेल याचा अंदाज हवा, नाहीतर काच फुटते. आणि माल महिनोन्‌महिने ठेवायला गार, अंधारी जागा हवी. पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमध्ये टाकीतून थेट नळावर येणारी ताजी बेल्जियन विट, म्हणजे गव्हाची बिअर, मिळते, चांगली मिळते. तिचा सगळा गुण ताजेपणात आहे, आणि आपल्या हवेला तेच धार्जिणं आहे. बेल्जियमहून सुट्टीला येताना ऑर्वालच्या बाटल्या आणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की त्या माळ्यावर ठेवू नका. चाळीस अंशांत ब्रेटला मुरायला वेळच मिळत नाही. बिअर सरळ विटते, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

किती जुनी सर्वांत चांगली, यावर बेल्जियममध्ये वाद कधी संपणार नाही. माझं मत आठ ते दहा महिन्यांकडे झुकतं. तेव्हा लिंबाची साल अजून शाबूत असते, चामडं नुकतं आलेलं असतं आणि दोघांना एकमेकांची अडचण होत नाही. दोन वर्षांपुढच्या बाटल्या मी आदराने पिते, पण परत मागत नाही. हॉप्सशिवायची ऑर्वाल मला अर्धी वाटते. सोबत मठातच 1928 पासून बनणारं मऊसर चीज घ्यावं, जाड कापून, राई ब्रेडवर. मटणाचा तांबडा रस्सा मात्र तिच्याबरोबर नको. तिखटाने तोंड पेटलेलं असलं की हा गॅस टोचतो, कडवटपणा दुप्पट होतो, आणि बाटलीत आठ महिने चाललेल्या कामातलं काहीच कळत नाही. खारे काजू, उकडलेलं अंडं, किंवा नुसता ब्रेड चालेल.